भाड्याच्या घरातले किटकॅट फ्यूज: ठेवायचे, की एमसीबी-आरसीसीबी मागायचे?

जुन्या बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर तीन पर्याय आहेत: आहेत तेच नीट करून वापरणं, त्यांच्या जागी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच), किंवा एमसीबीच्या जोडीला आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

किटकॅट मुळात धोकादायक नाही, घोटाळा तारेत होतो. कलईची तांब्याची फ्यूज तार 5 अँपिअरला 0.20 मिमी, 15 ला 0.50 आणि 30 ला 0.85 मिमी लागते. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी वायरमधल्या तीन-चार तारा पिळून घालतो. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते. मेन स्विच बंद करून किटकॅट ओढून बघा: पिळलेली तार, काळवंडलेले पाय, ढिला स्क्रू लगेच दिसतात. तार बरोबर असली तरी ती वितळायला साधारण दुप्पट करंट लागतो, म्हणजे 15 ची तार 30 च्या आसपास. 16 चा एमसीबी मात्र 23 अँपिअरला तासाभरात पडतो, शॉर्ट सर्किटला तर क्षणात.

न्यूट्रलवरही (करंट परत नेणाऱ्या तारेवरही) फ्यूज आहे का, हे जरूर विचारा. जुन्या बोर्डांत तो सापडतो. तो उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज (वीज आणणारी तार) जिवंतच. बल्ब बदलायला हात घालणाऱ्याला ते कळणार कसं? तिथे फ्यूजऐवजी सलग लिंक, म्हणजे न वितळणारी पट्टी हवी.

एमसीबी बसवतानाही चूक होते. वायरची जाडी न बघता, ‘पडत नाही’ म्हणून 32 चा बसवला जातो. साधारणपणे 1.5 चौरस मिमी तांब्याच्या वायरला 10 आणि 2.5 ला 16 अँपिअरच्या वर जाऊ नये. 230 व्होल्टवर 2000 वॅटचा गीझर एकटाच जवळपास 9 अँपिअर घेतो. त्याच सर्किटवर तितकीच इस्त्री लावली की 10 चा एमसीबी पडणार, आणि त्याने पडायलाच हवं.

शॉक लागल्यावर मात्र फ्यूज आणि एमसीबी दोघेही गप्प बसतात. शरीरातून 30 मिलिअँपिअर गेले, तर तो 15 अँपिअरचा पाचशेवा भाग. त्यांना पत्ताही लागत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का ते ताडतो आणि फरक पडला की वीज तोडतो. ओव्हरलोड मात्र त्याला कळत नाही, म्हणून जोडीला एमसीबी किंवा योग्य तारेचा फ्यूज हवाच.

जुन्या घरात आरसीसीबी बसवल्याबरोबर पडत राहतो. कारण बहुधा दोन सर्किटांना एकच न्यूट्रल, नाहीतर ओल्या भिंतीतली गळती. वायरमनने आधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरचं इन्सुलेशन तपासावं. ते 1 मेगओहमपेक्षा कमी आलं, तर दुरुस्ती वायरिंगची करायची. आरसीसीबी बायपास करून घेऊ नका.

वर्षभरच राहायचं असेल, तर योग्य तार, न्यूट्रलला लिंक आणि मेन स्विचनंतर एक आरसीसीबी एवढं तरी घरमालकाकडे लेखी मागा, बोर्डाचे फोटो जोडून. आरसीसीबीचं रेटिंग मेन फ्यूजपेक्षा कमी नसावं. जास्त मुक्काम असेल, किंवा एसी, गीझर लावायचे असतील, तर अख्खा नवा बोर्डच मागा. किटकॅट ओढून बघण्यापलीकडे स्वतः बोर्ड उघडू नका. मेन स्विच बंद असला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूला वीज असतेच.