जपानमधल्या रेल्वेचा पर्यटकांसाठीचा जेआर पास आता घ्यावा का?

टोकियो-क्योटो-ओसाका एवढंच फिरणार असाल तर ७ दिवसांचा जेआर पास घेऊच नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० केलाय (लूटच की!) आणि टोकियो-क्योटो शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) एका बाजूने साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००च, वर पास असूनही नोझोमीला (सगळ्यात वेगवान शिंकान्सेन) जादा पैसे मोजायचे. हिरोशिमा आणि वर सेंदाईबिंदाईही करणार असाल तरच हिशोब जमतो. टोकियो मेट्रोत तर हा पास चालतच नाही, तिथे पैसे भरून वापरायचं सुइका कार्ड बेस्ट, कोंबिनीतही (तिथली छोटी किराणा-खाऊची दुकानं) चालतं. आणि जायच्या आधी काताकाना (परदेशी शब्द लिहायची जपानी लिपी) तेवढं शिकाच, मेनूवर करी, बिअर, ज्यूस बहुतेक त्यातच लिहिलेलं असतं.