ओपनकोर्सवेअरवरून रेषीय बीजगणित : आठ महिन्यांनंतर

एमआयटी ओपनकोर्सवेअर (एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाचं मोफत अभ्याससाहित्याचं संकेतस्थळ) यावरचा गिल्बर्ट स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा कोर्स (क्रमांक 18.06) मी आठ महिने रोज थोडाथोडा केला, मागच्या आठवड्यात संपला. नावनोंदणी नाही, फी नाही आणि शेवटी प्रमाणपत्रही नाही. ज्यांना प्रमाणपत्र लागतं त्यांनी दुसरीकडे बघावं. विषय मुळातून समजायला हवा असेल, तर याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही.

व्हिडिओ 1999 सालचे आहेत. फळा, खडू आणि मनापासून शिकवणारा माणूस, बस्स. मला सगळ्यात जास्त आवडला तो दहावा तास. नवव्या तासाच्या उदाहरणात त्यांनी तीन सदिश स्वतंत्र (म्हणजे एक दुसऱ्यांतून मिळत नाही असे) म्हणून फळ्यावर लिहिले होते, पण ते स्तंभ म्हणून शेजारी ठेवल्यावर बनणाऱ्या मॅट्रिक्सच्या (आकड्यांच्या चौकटीच्या) दोन ओळी सारख्याच निघाल्या. दहाव्या तासाची सुरुवात ते या चुकीनेच करतात. ओळी सारख्या असल्या की चौरस मॅट्रिक्सचे स्तंभही परावलंबी होतात, म्हणजे स्वतंत्र राहत नाहीत. असं का, हे विचारत ते चार मूलभूत उपअवकाशांपर्यंत (मॅट्रिक्सशी जोडलेल्या सदिशांच्या चार संचांपर्यंत) नेतात. तो भाग कापून टाकणं सोपं होतं. ठेवला, म्हणून मला ओळी आणि स्तंभांचं नातं कायमचं कळलं.

अडलो तेविसाव्या तासाला. e या संख्येचा घातांक म्हणून मॅट्रिक्स घेणं डोक्यात शिरेना आणि विचारायला कोणी नाही. खुल्या शिक्षणाची खरी अडचण मला इथे जाणवली: शिकवणं सगळ्यांना खुलं झालं, पण शंकेला उत्तर देणारा माणूस त्यासोबत येत नाही. यावर 18.06एससी ही एकट्याने शिकणाऱ्यांसाठीची आवृत्ती आहे. तिच्यात प्रत्येक तासाचा सारांश, उत्तरांसह गणितं आणि सहायक शिक्षक गणित सोडवून दाखवतात असे छोटे व्हिडिओ मिळतात. त्याने बरंच निभावलं. पण माझी पायरी नेमकी कुठे चुकली, ते छापील उत्तर सांगत नाही. शेवटी आम्ही तिघं जमलो आणि आठवड्यातून एकदा फोनवर एकमेकांची गणितं तपासू लागलो. माझ्यापुरतं सांगायचं तर कोर्स पूर्ण झाला तो यामुळे.

परवान्याकडे मात्र मी उशिरा लक्ष दिलं. साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे: श्रेय द्या, धंदा करू नका, बदल केलात तर त्याच अटींवर वाटा. त्यामुळे मराठीत टिपणं काढून वाटायला मोकळीक आहे. मी त्यांत विकिपीडियावरचे दोन परिच्छेद मिसळले होते. विकिपीडियाचा परवानाही 'त्याच अटींवर वाटा' म्हणतो, पण धंद्याला परवानगी देतो. दोन्ही खुले, तरी दोघांच्या अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत, म्हणून त्यांचं एकत्र रूपांतर नियमात बसत नाही. ते परिच्छेद काढून मी स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिले. आमच्या तिघांतल्या एकीने त्यांत चिन्हाची एक चूक दाखवली. दुरुस्त प्रत कालच सगळ्यांना पाठवली, जुनं चुकीचं गणित शेजारी ठेवूनच.