सोलापूरच्या उन्हात कोणता रंगीत रोल घ्यावा?

रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ प्रक्रिया जगभर एकच आहे आणि तिच्यात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंश सेल्सिअसवर धरावा लागतो. थंड प्रदेशातले लोक त्यासाठी पाणी तापवतात. मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्याही पुढं गेलेलं असतं, आणि मी माठातलं पाणी मिसळून ते खाली आणतो. ज्या तापमानाला फिल्म धुण्याच्या डब्यात रसायनं भराभर कामाला लागतात, त्याच तापमानात आपला कोरा रोल कपाटात दिवसभर पडून असतो. म्हणून सोलापुरात रोल निवडताना मी रंगाच्या आधी हे बघतो की तो उष्णतेत किती तग धरतो.

हे लिहायला निमित्त झालं ते भाच्याचं. माझ्या वडिलांचा याशिका एफएक्स-३ कॅमेरा आता त्याच्याकडं गेलाय. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपासून मेअखेरपर्यंत पुरतील एवढे दहा रोल एकदम घ्यायचे आणि सगळे कोडॅकचे पोर्ट्रा ४०० घ्यायचे, असं त्यानं ठरवलं होतं. "सगळे तोच चांगला म्हणतात मामा," म्हणाला. पोर्ट्रा चांगलाच आहे. पण दहाच्या दहा? मी त्याला थांबवलं. का थांबवलं, ते इथं सविस्तर सांगतो. मी ३५ मिलिमीटरच्या रोलांबद्दलच बोलतोय.

आधी उष्णता

रंगीत फिल्मवर निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला जागणारे तीन वेगवेगळे थर असतात. उष्णतेनं तिन्ही जुने होतात, पण सारख्या वेगानं होत नाहीत. त्यामुळं तापलेल्या रोलमध्ये नुसतं सगळं फिकट झालं असं होत नाही. सावलीचा भाग एका रंगाकडं झुकतो आणि उजेडाचा भाग भलत्याच रंगाकडं. स्कॅन करताना सावली सुधारायला जावं तर चेहरा बिघडतो, चेहरा सुधारावा तर आभाळ बिघडतं. एका एप्रिलमध्ये पंढरपूरला जाताना दोन रोल मोटरसायकलच्या डिकीत राहिले. गाडी दुपारभर उन्हात होती. त्या रोलांतल्या घाटावरच्या सगळ्या सावल्या जांभळट आल्या आणि काळा रंग कुठंच काळा राहिला नाही. ती छायाचित्रं परत काढता येणार नव्हती.

कोडॅकची प्रोफेशनल रोलांबद्दलची सर्वसाधारण सूचना कोरा रोल २१ अंशांच्या आत, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, अशी असते. आपल्याकडं मार्चपासून जूनपर्यंत फ्रिजखेरीज अशी जागा घरात नसते. वेगवान, म्हणजे मोठ्या आयएसओ आकड्याचा आणि कमी प्रकाशात चालणारा रोल लवकर बिघडतो, हेही लक्षात ठेवा. ८०० चा रोल १०० च्या मानानं फार लवकर धुरकट होतो. त्यातलं काही काम नैसर्गिक किरणोत्सर्ग करतो आणि त्याला फ्रिजही अडवत नाही. म्हणून ८०० चा रोल साठवून ठेवू नका, लागेल तेव्हाच आणा.

या कसोटीवर बाकीच्यांपेक्षा उजवा ठरतो तो कोडॅक प्रो इमेज १००. प्रोफेशनल रोल असूनही उष्ण आणि दमट हवामानात साध्या खोलीच्या तापमानाला टिकावा, अशा बेतानंच तो बनवलेला आहे. बरीच वर्षं तो आशिया आणि लॅटिन अमेरिकेसारख्या उष्ण प्रदेशांतच विकला जात होता. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत तो २०१८ च्या सुमारास पोचला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या, फ्रिज नसलेल्या छोट्या स्टुडिओवाल्यांसाठीचा हा रोल, म्हणजे आपल्यासाठीचाच म्हणायचा. याचा अर्थ तो गाडीच्या डॅशबोर्डवर टाकावा असा नाही. पण दुकानदाराच्या फळीवर महिनाभर पडलेला रोल हाती येणार असेल, तर माझा भरवसा याच्यावर आहे.

गोल्ड २०० हा घरगुती वापराचा रोल. दुकानात, पिशवीत, कॅमेऱ्यात काही महिने राहील, हे धरूनच असे रोल बनवतात. त्यामुळं प्रो इमेजच्या पाठोपाठ मी त्याला ठेवतो. पोर्ट्रा आणि कोडॅकचाच एक्टार १०० थंड ठेवले तर उत्तम. त्यांची किंमत त्यांच्या नेमकेपणासाठी मोजलेली असते आणि उष्णता पहिल्यांदा नेमका तोच खाते.

मग ऊन

सोलापूर साधारण साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावली दिवस होतो. त्या दिवसांत अकरा ते तीन या वेळात माणसाचा फोटो काढला, तर कपाळ आणि नाक पांढरं, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या. उजेड आणि सावलीतलं हे अंतर रोलला पेलावं लागतं.

इथं पोर्ट्रा ४०० ला तोड नाही. त्याचा कॉन्ट्रास्ट मऊ आहे आणि दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश पडला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) तरी तो सांभाळून घेतो. प्रकाश मोजायचा मीटर सावलीवर लावा, उजेडाची काळजी रोलवर सोडा. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेचे बारकावे तो जसे धरतो, तसे बाकीचे रोल धरत नाहीत. यंत्रमागाच्या शेडमध्ये मी त्याच्याशिवाय जात नाही. एका बाजूला ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, दुसरीकडं दारातून येणारा उन्हाचा पट्टा, आणि मधे घामानं चमकणारा माणूस. पोर्ट्रामध्ये हे तिन्ही एका चित्रात नांदतात.

पण त्याच रोलची भर उन्हात अडचण होते. हिशेब सोपा आहे. कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ ठेवलं, तर शटर साधारण एक भागिले आयएसओचा आकडा एवढं ठेवायचं. ४०० च्या रोलला कॅमेऱ्यावरचं जवळचं शटर १/५०० होतं. भाच्याच्या याशिकाचं सर्वांत वेगवान शटर १/१००० आहे. म्हणजे छिद्र एफ/११ पर्यंतच उघडता येतं. पाठीमागचा रस्ता, तारा, पाट्या, सगळं तेवढंच ठळक येणार. चेहरा वेगळा उठून दिसावा म्हणून एफ/२.८ ला जायचं म्हटलं, तर १/१६००० शटर लागेल. १०० च्या रोलवर हाच कॅमेरा एफ/५.६ पर्यंत उघडतो. पोर्ट्रालाही दोन स्टॉप जास्त प्रकाश देऊन एफ/५.६ गाठता येतं, हे खरं. पण ४०० चे पैसे मोजून तो १०० सारखाच वापरायचा असेल, तर सरळ १०० चाच का घेऊ नये? प्रो इमेज किंवा गोल्डचा रोल पोर्ट्रापेक्षा स्वस्तही पडतो.

प्रो इमेज १०० रंगांत पोर्ट्रापेक्षा किंचित भरीव आणि एक्टारपेक्षा सभ्य आहे. त्वचा लाल पडत नाही, लाल लुगडं लालच राहतं. ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, पोर्ट्रा १६० पेक्षा थोडा जास्त दिसतो, पण बारा-पंधरा इंची प्रिंटपर्यंत मला त्यानं कधी त्रास दिला नाही. कमी प्रकाश मात्र तो सोसत नाही. एक स्टॉप कमी पडला की सावल्या मातकट होतात. मी तो ८० समजून, म्हणजे थोडा जास्त प्रकाश देऊन वापरतो.

गोल्ड २०० चा स्वभाव नावाप्रमाणं. पिवळा आणि लाल रंग तो पुढं आणतो. दोन स्टॉप कमी ते तीन स्टॉप जास्त एवढी चूक तो पोटात घेतो असं कोडॅक सांगतं, आणि जास्तीच्या बाजूनं माझा अनुभवही तसाच आहे. कमीच्या बाजूनं मी एका स्टॉपच्या पुढं जाणार नाही. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात याच्यासारखा रोल नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढऱ्याशुभ्र बाराबंदी सदऱ्यातले भक्त नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलत निघतात, तेव्हा सकाळच्या प्रकाशात गोल्डवर त्या पांढऱ्याला सायीसारखी छटा येते. ऊब आहे, पण पांढरं पांढरंच वाटतं. हाच रोल मेच्या संध्याकाळी धुळीत काढला, तर हवेतली धूळ, सूर्याचा पिवळेपणा आणि रोलचा पिवळेपणा एकावर एक चढतात आणि सगळ्या गावावर हळद सांडल्यासारखी दिसते. काहींना ते आवडतं. मला ते खोटं वाटतं, कारण आपली मेची संध्याकाळ डोळ्यांना राखाडी आणि दमलेली दिसते. तेव्हा उन्हाळ्याच्या संध्याकाळी मी गोल्ड टाळतो.

एक्टार १०० कोडॅकनं २००८ मध्ये आणला, तो अत्यंत बारीक ग्रेन आणि गडद रंगांचा म्हणून. सोलापुरी चादरीचा लाल आणि गर्द निळा त्याच्याइतका कुणी दाखवत नाही. वाळायला टाकलेल्या टॉवेलांच्या रांगा, डाळिंबाचे ढीग, कंबर तलावातली कमळं: यांसाठी एक रोल जवळ असावाच. माणसांसाठी मात्र नको. उन्हात रापलेली त्वचा तो विटकरी लाल करून टाकतो. आपल्या शेतकऱ्यांचे आणि विणकरांचे चेहरे असे रंगवलेले मला पाहवत नाहीत. शिवाय मीटर चुकलं की तो माफ करत नाही. कमी प्रकाशात सावल्या निळ्या पडतात. ज्वारीच्या काढणीनंतर काळं रान टिपताना माझं हेच झालं: माती काळी न येता निळसर आली. पुढच्या वेळी अर्धा स्टॉप जास्त दिला आणि रान जसं होतं तसं आलं.

बाकीचे थोडक्यात. अल्ट्रामॅक्स ४०० पोर्ट्रापेक्षा स्वस्त, ग्रेन आणि कॉन्ट्रास्ट जास्त; गड्ड्यावर संध्याकाळी पाळणे आणि दुकानांचे दिवे टिपायला पुरतो, भर दुपारी नको. सिनेमाच्या व्हिजन ३ फिल्ममधून भरलेले २५० डी चे रोल हल्ली सहज मिळतात. उजेडाच्या बाजूनं त्यांची झेप मोठी आहे, पण पाठीला रेमजेटचा काळा थर असेल, तर सी-४१ यंत्रवाली लॅब तो घेत नाही. त्याला सिनेमाच्या फिल्मची ईसीएन-२ प्रक्रिया लागते. ही सोय आधी विचारून घ्या. फुजीचा प्रो ४००एच २०२१ मध्ये बंद झाला. त्याचे मुदत उलटलेले रोल अजून कुणी कुणी विकतं. तो रोल आधी कुठल्या उन्हाळ्यातून गेलाय हे विकणाराही सांगू शकत नाही. घेऊ नका.

स्लाइडचं, म्हणजे जिच्यावर सरळ चित्रच उमटतं त्या फिल्मचं वेगळं सांगतो, कारण भाच्याला तोही मोह होता. एक्टाक्रोम ई१०० हा २०१८ मध्ये परत आला आणि लाइट टेबलवर तो पाहण्यातलं सुख निगेटिव्हला नाही. रघुबीर सिंह यांनी भारतातले रंग कोडाक्रोमवर टिपले, तेही स्लाइडच. कोडाक्रोमचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं आणि २०१० च्या डिसेंबरअखेर ते धुणाऱ्या शेवटच्या लॅबनं रोल घेणंही. पण स्लाइडला मेची दुपार पेलत नाही. पाच-सहा स्टॉपांपलीकडचं अंतर तिच्यात मावत नाही, अर्धा स्टॉप चुकला तरी दिसतं. बाराबंदीचा पांढरा सदरा उन्हात कोरा कागद होईल. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी नऊच्या आत, हिप्परग्याच्या तलावावर एक रोल जरूर वापरा.

दहा रोल असे

भाच्याला मी पाच प्रो इमेज १००, दोन गोल्ड २००, दोन पोर्ट्रा ४०० आणि एक एक्टार घ्यायला सांगितलं. गोल्ड दोन्ही जानेवारीतच संपवायचे. पोर्ट्रा शेडमध्ये, घराच्या आत आणि गड्ड्याच्या संध्याकाळी. यात्रेत होम मैदानावर होणारं शोभेचं दारूकाम टिपायचं असेल, तर कॅमेरा तिवईवर ठेवून प्रो इमेजसुद्धा चालतो, कारण तिथं शटर सेकंद-दोन सेकंद उघडं राहणार असतं. मार्चपासून बाहेरचं सगळं काम प्रो इमेजवर.

माणसांचे फोटो भरपूर काढणार असाल आणि बरंचसं सावलीत, तर हे प्रमाण बदला: पाच पोर्ट्रा, तीन प्रो इमेज. पण मग फ्रिजची शिस्त पाळावी लागेल. रोल बंद डबीत, डबी झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा. फ्रिजमधून काढल्या काढल्या डबी उघडली तर फिल्मवर दव धरतं. पावसाळ्यात तर हमखास. बाहेर नेताना मी भाकरी गरम ठेवायचा रुंद तोंडाचा डबा वापरतो. जो डबा ऊब धरतो तो गारवाही धरतो. बर्फ घालू नका, गार केलेला रिकामा डबा दुपारपर्यंत पुरतो.

काढून झालेला रोल कोऱ्या रोलपेक्षाही नाजूक असतो. त्यावरची न धुतलेली प्रतिमा उष्णतेनं विरत जाते, म्हणून महिनाभर साठवून एकदम पाठवायची सवय उन्हाळ्यात सोडा. मी रोल पुण्याला पाठवतो. एकदा शनिवारी दिलेलं पाकीट कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात सोमवारपर्यंत पडून राहिलं आणि चारही रोल फिकट आले. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये मी पाकीट सोमवारी किंवा मंगळवारी, ऊन उतरल्यावर संध्याकाळी देतो. रात्रीच्या गाडीनं ते निघतं आणि सकाळी लॅबच्या दारात असतं.