यूएस टोपो: डोंगराचा चढ कळतो, वाटेची खात्री नाही

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे १:२४,००० प्रमाणाचे ‘यूएस टोपो’ नकाशे पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पायवाट नसलेल्या डोंगरात फिरायला हा उत्तम नकाशा आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. डोंगराळ भागाच्या नकाशा-पत्रकांवर दोन रेषांमधली उंची बहुधा ४० फूट असते, दर पाचवी रेषा जाड. दोन जाड रेषांत ४.४ मिलिमीटर अंतर भरलं तर चढ ३० अंशांचा, २.५ भरलं तर ४५ अंशांचा. पट्टी घेऊन एवढं मोजलं की कुठली धार जाण्याजोगी आहे, हे निघण्याआधीच ठरवता येतं. मात्र शेजारच्या पत्रकावर दोन रेषांमधली उंची वेगळी असू शकते, समास वाचाच.

धोका आहे तो दोन रेषांच्या मध्ये. ३५ फुटांचा कातळकडा तिथे सहज लपतो आणि नकाशावर सरळ दिसणारी घळ प्रत्यक्षात मध्येच तुटते. अनोळखी घळीत परत चढता येईल तेवढंच उतरावं, शक्यतो सोंड धरावी. तुटक निळी रेघ म्हणजे हंगामी ओढा, पाण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

२००९ पासूनची ही मालिका संगणकीय माहितीसाठ्यांतून तयार होते. जागेवर जाऊन केलेली पडताळणी त्यात नाही, त्यामुळे जुने झरे, झोपड्या, पायवाटा बऱ्याचदा गायब असतात. त्याच खात्याच्या संग्रहातलं जुनं पत्रक सोबत ठेवा, तेही फुकट आहे. फक्त त्याचा संदर्भ, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायची आधारपद्धत, बहुधा १९२७ ची ‘नॅड २७’ असते. जीपीएस तसा लावला नाही, तर जागा २०० मीटरपर्यंत चुकू शकते.

छपाईत सर्वाधिक चुका होतात. नकाशा पानात बसवणारा ‘फिट टू पेज’ पर्याय नको, १०० टक्केच ठेवा. नंतर प्रमाणपट्टी मोजा: १ किलोमीटर म्हणजे ४१.७ मिलिमीटर. कमी भरलं तर वरची चढाची मापंही खोटी ठरतात. इंकजेटची शाई पावसात पसरते, लेझर छपाई घ्या.

होकायंत्रासाठी चुंबकीय फरक (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन) जुन्या पत्रकावरून घेऊ नका, तो बदलत राहतो. १० अंशांची चूक किलोमीटरभरात सुमारे १७५ मीटर बाजूला नेते, आणि अरुंद धारेवर तेवढ्यात चुकीच्या दरीत उतरायला होतं.