पंचाचा पोशाख, हेल्मेट आणि हातावरची ढाल : एका हंगामाचा अनुभव

दिवाळीत घेतलेलं सगळं सामान आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, घासून वापरून झालं, म्हणून आता लिहितोय. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा, मधूनच धुळे-शिरपूर, असे माझे सुट्टीचे दिवस क्रिकेटच्या पंचगिरीत जातात. टेनिस बॉल आणि लेदर बॉल दोन्ही सामने करतो, पण खालचं बरंचसं लेदरवाल्यांच्या कामाचं आहे. ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी एवढंच: ढाल घ्या, पँट शिवूनच घ्या, आणि हेल्मेटवर पैसे टाकण्याआधी कुणाचं तरी मागून भर दुपारी अर्धा तास डोक्यावर ठेवून बघा.

शर्टापासून सुरू करतो. आयोजक बहुतेक ठिकाणी स्पर्धेचे टी-शर्ट छापून घेतात आणि त्यातलेच दोन पंचांच्या हातात ठेवतात. पाठीवर नगरसेवकाचा फोटो, छातीवर ज्वेलर्सचं नाव. टेनिसला चालून जातं. लेदरला मात्र रंगाचा विचार करावाच लागतो. पांढऱ्या चेंडूच्या सामन्यात पंच पांढरा शर्ट घालून उभा राहिला, तर गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू त्याच्याच छातीवर हरवतो आणि फलंदाज बरोबर ओरडतो. म्हणून दोन शर्ट ठेवलेत: लाल चेंडूला पांढरा, पांढऱ्याला नेव्ही ब्लू. नेव्ही ब्लूची तक्रार एकच, पहिला डाव संपेपर्यंत काखेपासून कमरेपर्यंत घामाचं मीठ पांढरं उमटतं. कापड पॉलिस्टर जाळीचं आहे. आपल्याकडे ऊन कोरडं, त्यामुळे घाम लगेच उडतो आणि जाळीत वारा लागतो. सुती शर्ट सकाळी छान वाटला, पण एकदा भिजला की अंगाला चिकटून बसला आणि दुपारपर्यंत कॉलरने मान सोलली.

पँट विकत घेऊच नका. रेडिमेड ट्रॅकपँटचे खिसे उथळ असतात. लेग बायच्या खुणेला गुडघा वर केला की जादा बेल्स (स्टंपवरच्या गिल्ल्या) बाहेर. पंचाजवळ चेंडू मोजायचं काउंटर, बेल्स, नाणं, कात्री, पेन-कार्ड, चेंडू पुसायला फडकं आणि गोलंदाजाचं घड्याळ असं सगळं असतं. मी टेरीकॉटची काळी पँट शिवून घेतली. खिशांची यादी ऐकून टेलरभाऊ म्हणाले, "सर, पँट शिवू का झोळी?" पण शिवली मस्त. बाजूचे दोन्ही खिसे हाताच्या मनगटापर्यंत खोल, आणि उजव्या मांडीवर चेन लावलेला एक. एक गोष्ट मुद्दाम सांगून करून घेतली: खिशांची तोंडं अंगाला चिकटून राहतील अशी. तोंड फुगलेल्या खिशात फटका येऊन अडकला तर चेंडू तिथेच डेड होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, नियमच आहे तसा. चौकार जाणारा चेंडू पंचाच्या खिशात विसावला तर आपल्याकडे मैदानात काय होईल ते लिहायला नको.

आता मुख्य विषय. ऑस्ट्रेलियाचे पंच ब्रूस ऑक्सनफर्ड २०१६ च्या आयपीएलमध्ये डाव्या हातावर पारदर्शक ढाल बांधून उभे राहिले, तेव्हा आपण सगळेच हसलो होतो. चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, खेळपट्टी २० मीटर, आणि समोर आजकालची जाड काठाची बॅट. सरळ आलेल्या फटक्याला आपण फक्त तोंड फिरवू शकतो. जळगावातल्या दुकानांत तसली ढाल मिळाली नाही. शेवटी फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचा लांबट गोल कापून घेतला, ४० बाय ३० सेंटिमीटर. ॲक्रिलिक स्वस्त पडतं आणि दिसतंही तसंच, पण ते फुटतं आणि त्याचे धारदार तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट नुसतं वाकतं. दुकानदार दोन्हीला 'फायबर' म्हणतो, म्हणून घेताना नीट विचारा. मागे दोन पट्टे, एक मूठ, आत फोम. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास.

पहिल्याच सामन्यात पारोळ्याकडचा एक पोरगा जवळ येऊन, "सर, हाई काय शे?" (हे काय आहे?) विचारून गेला. प्रेक्षकांनी 'बाहुबली' नाव ठेवलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांची सवय झाली. खऱ्या अडचणी वेगळ्याच निघाल्या. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की ढालीची चमक थेट फलंदाजाच्या डोळ्यांत जायची. बारीक पॉलिश पेपरने घासून ती दुधी करून टाकली, तेव्हा ते थांबलं. मूठ डाव्या हातात म्हणून काउंटर उजव्या हाताला शिकवावा लागला. वेल्क्रो धुळीने भरून मार्चपर्यंत निकामी झालं, आता बकलचे पट्टे आहेत. चार वाजल्यानंतर खांदा भरून येतो, हेही खरं.

पण कामाला आली. चोपड्याकडच्या एका सामन्यात सरळ फटका छातीच्या उंचीवर आला, ढालीवर आपटून वर उडाला आणि मिड-ऑनने झेलला. अपील झालं, मी बोट वर केलं. फलंदाज हलेना, "ढालीला लागलाय, डेड बॉल द्या!" पंचाला लागलेला चेंडू चालूच असतो, आणि लागून उडालेला झेल नियमात बसतो. हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. तेव्हापासून टॉसच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना सांगून टाकतो. फटका ज्या जोरात होता, तो बरगडीवर घेतला असता तर झेल-बिल सगळं दुसऱ्यानेच ठरवलं असतं.

हेल्मेटबद्दल माझं मत अजून घोटाळतंय. धोका खोटा नाही. मूळचे मुंबईचे हिलेल ऑस्कर, इस्रायलचे माजी कर्णधार, २०१४ मध्ये अश्दोदला पंचगिरी करताना गेले. फटका स्टंपवर आपटून त्यांच्याकडे उडाला होता. २०१५ मध्ये तमिळनाडूत दिंडीगुलच्या रणजी सामन्यात ऑस्ट्रेलियाचे पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्याला फटका लागला, पुढच्याच महिन्यात ते ऑस्ट्रेलियात हेल्मेट घालून उभे राहिले. २०१६ मध्ये वानखेडेवर पंच पॉल रायफल यांना तर क्षेत्ररक्षकाची फेक लागली. हे सगळं माझ्या घरी पाठ आहे, म्हणून हेल्मेट घेतलं. फलंदाजांचंच, जाळीवालं.

डिसेंबर-जानेवारीत काही त्रास नाही. एप्रिलमध्ये भुसावळला पारा ४४ च्या पुढे गेला, की आतला फोम भिजून कपाळावरून धार डोळ्यांत उतरते, आणि नेमका त्याच चेंडूला पायचीतचं अपील येतं. त्यापेक्षा मोठी अडचण कानांची. कानावरच्या आवरणामुळे बारीक कड लागल्याचा आवाज दबतो. यष्टीमागे झेल गेल्यावर आवाज आला की आल्यासारखा वाटला, या गोंधळात पंचाने पडू नये. सध्या मी वीस षटकांच्या सामन्यात, शेवटच्या मारधाडीच्या षटकांत ते घालतो. एरवी पाठीमागे, चेंडू लागणार नाही अशा जागी सीमेबाहेर ठेवतो. बाकी वेळ रुंद काठाची पांढरी टोपी. काठाची खालची बाजू गडद हिरवी असलेलीच घ्या, खालून येणारी चकाकी बरीच कमी होते.

सेंटर पॅडबद्दल (जांघेतलं गार्ड) चर्चा नको, घालाच. नडगीला फुटबॉलवाल्यांचे पातळ शिन गार्ड पँटच्या आत बसतात, स्वस्त आहेत आणि कुणाला दिसतही नाहीत. बूट सपाट रबरी तळव्याचे. स्टडचे बूट काळ्या मातीत दिवाळीच्या सुमारास, जमीन अजून ओली असताना, प्रत्येक पावलाला किलोभर चिखल उचलतात, आणि मॅटिंगवर (खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर) अडकतात ते वेगळंच.

पुढच्या हंगामाआधी ढाल थोडी लहान कापून घ्यायचा विचार आहे, ३५ बाय २५. कुणी त्या मापाची वापरली असेल तर खांद्याला किती फरक पडतो ते कळवा.