पहिली दुर्बीण: ७० मिलिमीटरची भिंगाची की १५० मिलिमीटरची डॉब्सन?

दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतो, "किती पट मोठं दिसतं?" मी त्याला आधी दुसरंच विचारतो. दुर्बीण घरात कुठे ठेवणार, बघायला कुठे बसणार आणि या दोन जागांमध्ये पायऱ्या किती? दहा मिनिटांत अंगणात उभी राहणारी दुर्बीण आठवड्यातून दोनदा वापरली जाते. जी न्यायला दोन माणसं लागतात, ती ग्रहणाच्या रात्रीच बाहेर येते. पुढची सगळी तुलना हे धरूनच केली आहे.

नवख्याची निवड फिरून फिरून दोन दुर्बिणींवर येते. पहिली अपवर्तक, म्हणजे भिंगाची: ७० मिमी व्यास, ७०० मिमी नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर), सडपातळ नळी आणि तिपाई. दुसरी परावर्तक, म्हणजे आरशाची: १५० मिमी व्यास, १२०० मिमी नाभीय अंतर, जमिनीवर ठेवायच्या पेटीवजा बैठकीत फिरणारी. हिलाच डॉब्सन म्हणतात.

दोघींतून प्रत्यक्ष काय दिसतं

चंद्राच्या बाबतीत फरक सर्वांत कमी. अष्टमीच्या आसपास ७० मिमीतून बघा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा, त्यांच्या मधली शिखरं, शिखरांच्या लांबलचक सावल्या सगळं लख्ख दिसतं. १५० मिमीत मोठ्या विवरांच्या पोटातली लहान विवरंही दिसू लागतात. पण ७० मिमीतून पहिल्यांदा चंद्र पाहून हिरमुसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पौर्णिमेचा दिवस मात्र टाळा. तेव्हा सावल्याच नसतात, त्यामुळे दोन्ही दुर्बिणींतून चंद्र सपाट दिसतो.

शनीची कडी ३० पटीलाच वेगळी ओळखू येतात. ७० मिमीतून ७० ते १०० पटीला लहान पण रेखीव शनी आणि शेजारी त्याचा चंद्र टायटन हा ठिपका, एवढं नक्की मिळतं. १५० मिमीत बिंबावरचा फिकट पट्टा दिसतो आणि हवा स्थिर असेल तर कड्यांमधली कॅसिनीची काळी फटही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२५ साली शनीची कडी आपल्याला जवळजवळ काठावरून दिसत होती, आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत जातील. जुन्या छायाचित्रातल्यासारखी रुंद कडी दिसली नाहीत, तर दुर्बिणीला बोल लावू नका.

१६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने जेमतेम २० पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून गुरूचे चंद्र टिपले. ७० मिमीची आजची दुर्बीण त्याच्या दुर्बिणीपेक्षा पुष्कळ सरस आहे. चार चंद्र आणि बिंबावरचे दोन मुख्य पट्टे तिच्यातून सहज दिसतात. १५० मिमीत आणखी पट्टे आणि त्यांचा खडबडीतपणा दिसतो. एखादा चंद्र समोरून जात असेल, तर त्याच्या सावलीचा शाईच्या टिंबासारखा काळा ठिपकाही दिसतो.

तारकायुग्मांत लहान दुर्बीण आपला मान राखून आहे. सप्तर्षींतले वसिष्ठ आणि अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. दुर्बिणीतून पाहिलं की वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. त्या दोघांत सुमारे १४ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतर आहे आणि ७० मिमीला ते अगदी सोपं जातं. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओही बघाच, एक तारा सोनेरी आणि एक निळसर. अगदी जवळच्या जोड्यांत मात्र व्यास बोलतो: ७० मिमीची सैद्धांतिक मर्यादा सुमारे १.७ विकला, १५० मिमीची ०.८.

अंधुक वस्तूंकडे वळलं की पारडं एकदम झुकतं. प्रकाश गोळा होतो तो क्षेत्रफळानुसार, आणि १५० मिमीचं क्षेत्रफळ ७० मिमीच्या साडेचार पट आहे. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ ७० मिमीत कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. १५० मिमीत १०० पटीच्या पुढे गेलात की त्या बोळ्याच्या कडेला एकेक तारा टिमटिमायला लागतो. हा फरक ज्याने एकदा पाहिला, तो पुन्हा लहान दुर्बिणीवर समाधानी राहत नाही, हे मान्य करायला हवं. मृगातला तेजोमेघ दोन्हींतून छान दिसतो. मोठीत त्याचे पंख लांबवर पसरतात.

एका ठिकाणी मात्र लहान दुर्बीण जिंकते. २५ मिमीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की तिच्यात आकाशाचा पावणेदोन अंशांहून थोडा मोठा तुकडा मावतो, १५० मिमीत जेमतेम एक अंश. कृत्तिकांचा पुंजका लहानीत अख्खा दिसतो, मोठीत कडेला टेकतो. देवयानी दीर्घिका तर तीन अंशांपर्यंत पसरलेली आहे. ती दोन्हींत पुरती मावत नाही, १० x ५० च्या (१० पट, ५० मिमी व्यासाच्या) द्विनेत्रीतून, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायच्या छोट्या दुर्बिणीतून अधिक शोभते.

दिव्यांचा उजेड चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांना फारसा बाधत नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका मात्र तो गिळून टाकतो, मग व्यास कितीही असो. तुमचं अंगण दिव्यांनी वेढलेलं असेल आणि अंधाऱ्या जागी दुर्बीण नेणं शक्य नसेल, तर १५० मिमीचा मोठा फायदा निम्म्याने कमी झाला असं समजा.

दुर्बिणीचे पाय

या मुद्द्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

१०० पटीला चंद्र जसा १०० पट मोठा होतो, तशीच नळीची थरथरही १०० पट होते. स्वस्त ७० मिमीसोबत येणारी तिपाई बहुधा बारीक पायांची असते. फोकसच्या चाकाला हात लावला की शनी नाचू लागतो. हात काढावा, तर फोकस बरोबर झालाय की नाही तेच कळत नाही. घेण्यापूर्वी ही चाचणी करा: नेत्रिकेतून दूरच्या वस्तूकडे बघत नळीवर बोटाने टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र शांत झालं तर ठीक. पाच-सहा सेकंद हलत राहिलं, तर भिंग कितीही चांगलं असो, ती जोडी नको. घरात अशी दुर्बीण आधीच असेल, तर तिपाईचे पाय पूर्ण आत घ्या, खुर्चीवर बसून बघा आणि मधल्या तबकाखाली वजनाची पिशवी लटकवा. बराच फरक पडतो.

डॉब्सनच्या बैठकीत हा प्रश्न जवळजवळ नाहीच. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. मिळेल त्या काचेचे आरसे घासून आणि साध्या लाकडी पेट्या बनवून त्यांनी मोठ्या दुर्बिणी उभ्या केल्या. १९६८ पासून रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणारा गट त्यांच्यामुळेच चालू झाला. त्यांच्या रचनेत वजन खाली असतं आणि घर्षण असं जुळवलेलं असतं की ढकललं तेवढीच नळी फिरते आणि सोडली तिथे थांबते. या साधेपणाबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरी तिच्या अडचणी सांगतो. थेट डोक्यावरच्या वस्तूंचा पाठलाग करताना बैठक खूप फिरवावी लागते. जमीन सपाट आणि घट्ट लागते. ओल्या मातीत एक जाड फळी खाली टाका. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह नेत्रिकेतून सरकत जातो. १५० पटीला साध्या नेत्रिकेत तो साधारण सव्वा मिनिटात एका कडेकडून दुसऱ्या कडेला पोचतो, तेव्हा नळीला सतत हलका धक्का द्यावा लागतो. तासाभरात हाताला सवय होते.

बाहेर नेणं, थंड होणं, दव

७० मिमी तिपाईसकट एका हातात उचलता येते. १५० मिमी डॉब्सनचं वजन १५ किलोच्या पुढेमागे, पण नळी आणि बैठक वेगळी होते, म्हणून दोन खेपांत काम होतं. घर तळमजल्यावर असेल तर काहीच त्रास नाही. तिसऱ्या मजल्यावरून रोज उतरवायची असेल, तर महिन्याभरात उत्साह ओसरतो.

खोलीतून आणलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत ग्रह पाण्याखाली असल्यासारखे दिसतात. १५० मिमीला अर्धा तास द्या, ७० मिमीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बसायला गवताची किंवा मातीची जागा निवडा. दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि छपरं रात्री उष्णता सोडत राहतात, त्यांच्यावरून बघितलेली प्रतिमा हलते.

दवाचा त्रास भिंगाला जास्त, कारण ते थेट आकाशाकडे तोंड करून असतं. पुढे काळ्या फोमची एक नळकांडी गुंडाळली की बराच वेळ निभावतं. दव आलंच तर भिंग पुसू नका, कोमट हवेने वाळवा. डॉब्सनचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो. पण तिला दुसरी निगा लागते: दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं, म्हणजे कॉलिमेशन. लोक याला उगाच घाबरतात. ध्रुवतारा फोकसबाहेर काढून बघा. कडी एककेंद्री दिसली की आरसे जुळलेले आहेत. तिरपी दिसली तर मागचे स्क्रू थोडे फिरवायचे. शिकलात की पाच मिनिटांचं काम आहे. भिंगाच्या दुर्बिणीला हे सहसा लागतच नाही.

नेत्रिका आणि खोक्यावरचा आकडा

"५२५ पट!" असं ७०० मिमीच्या खोक्यावर लिहिलेलं दिसलं, तर हिशोब करा: दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचं. ४ मिमीची नेत्रिका लावली की ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. त्यावर तिप्पट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावला की ५२५. गणित बरोबर आहे, चित्र मात्र अंधूक राख. उपयोगी कमाल मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट: ७० मिमीला १४०, १५० मिमीला ३००. आणि हवा बहुतेक रात्री २०० च्या पुढे जाऊ देत नाही.

सोबत आलेली २५ मिमीची नेत्रिका सहसा बरी असते, १० मिमीची यथातथाच. ७० मिमीसाठी चांगली १० मिमी प्लॉसल (नेत्रिकेचा एक प्रकार) पुरते. १५० मिमीसाठी ३२ मिमी (३७ पट) आणि ८ मिमी (१५० पट) घेतल्या की वर्षभर दुसरं काही लागत नाही. चष्मा लावूनच बघावं लागत असेल, तर छोट्या प्लॉसल टाळा, डोळा फार जवळ न्यावा लागतो. डोळ्याला १५ ते २० मिमी अंतर देणारी नेत्रिका शोधा.

या दोघींशिवाय

१३० मिमीची, टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सन हा खरा मधला मार्ग आहे. फक्त टेबल डगमगणारं नको. मॅक्सुटॉव्ह, म्हणजे भिंग आणि आरसा दोन्ही असलेली आखूड नळीची दुर्बीण, आटोपशीर असते आणि चंद्र-ग्रहांना उत्तम, पण तिचं दृश्यक्षेत्र अरुंद आणि थंड व्हायला वेळ घेते. विषुववृत्तीय स्टँडवरची (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारी) परावर्तक नवख्याने टाळावी, नेत्रिका भलत्याच कोनात जाऊन बसते. एक चूक तर हमखास टाळा: ११४ मिमीची, अर्ध्या मीटरच्या नळीची आणि "१००० मिमी नाभीय अंतर" लिहिलेली दुर्बीण. साध्या परावर्तकाची नळी नाभीय अंतराएवढी लांब असते. लांबी निम्मी असेल, तर फोकसरमध्ये जोडभिंग दडवलेलं आहे आणि प्रतिमा सहसा मऊ येते.

माझं मत: तळमजला किंवा गच्चीलगतची खोली असेल, तर १५० मिमी डॉब्सन घ्या. जिने चढायचे असतील किंवा खिडकीतूनच बघायचं असेल, तर ७० मिमी घ्या आणि वाचलेले पैसे भक्कम तिपाईत घाला. दोन्हींपैकी काहीच झेपत नसेल तर १० x ५० द्विनेत्री.

कोणतीही घेतलीत तरी पहिल्या रात्रीआधी दिवसाउजेडी, सूर्याच्या विरुद्ध दिशेला, लांबचा एखादा खांब नळीच्या मधोमध आणा आणि फाइंडरचे (नळीवर बसवलेल्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे) स्क्रू फिरवून तोच खांब त्यातही मधोमध आणा. सूर्य बघायचा तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारं प्रमाणित सौर फिल्टर लावूनच, आणि फाइंडर झाकून. नेत्रिकेला लावायचं छोटं "सन फिल्टर" खोक्यात आलं, तर ते त्याच दिवशी फोडून टाका. उष्णतेने ते तडकतं, आणि तडकतं तेव्हा डोळा तिथेच असतो.