पायथनमध्ये 'इन' वापरताना लिस्ट घ्यावी का सेट?

धाकट्या भावाने काल विचारलं, दादा, रोल नंबर यादीत आहे का बघायचंय, लिस्ट ठेवू की सेट? दोन्हीकडे 'इन' लिहिणं सारखंच, फरक आत आहे. लिस्टमध्ये ते पहिल्यापासून एकेक घटक तपासत जातं, म्हणजे लाखभर नंबर असतील आणि हवा तो नसेलच तर लाखही तपासून होतात, सेट मात्र हॅश (घटकावरून काढलेला, त्याची जागा सांगणारा आकडा) काढून थेट जागेवर जातो, म्हणून यादी वाढली तरी वेळ साधारण तेवढाच.

मेमरी सेट जास्त खातो. क्रमही राहत नाही, डुप्लिकेट उडतात, आणि सेटमध्ये घटक म्हणून लिस्ट टाकायला गेलास तर टाइपएरर, म्हणजे हा प्रकार चालत नाही अशी चूक येते.

एक गोष्ट मात्र टेस्ट करच: यादीऐवजी चुकून नुसती स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, आली तर 'राम' हे 'रामनगर'मध्ये सापडतं आणि ट्रू येतं, कारण तिथे तुकडा शोधला जातो, पण लिस्ट किंवा सेटमध्ये एकटं 'रामनगर' असेल तर फॉल्स. माझे दोन तास यातच गेलेत.

दहा-वीस नावं, क्रम हवा, एकदाच तपासायचं, तर लिस्ट. मोठी यादी लूपमध्ये पुन्हा पुन्हा तपासायची असेल तर सेट, फक्त तो लूपच्या बाहेर एकदाच बनव.